राठोड सरांच्या व्हिडिओतल्या बांगड्या

बाजाराच्या दिवशी दारव्ह्याच्या स्टँडवर जीपमध्ये बसून ती भरायची वाट पाहत होतो, तेव्हा शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज आला, 'राठोड सर गेले. झटका आला.' माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की ही कुणाची तरी चावट थट्टा असणार. मी असाच आहे. दुकानातून तोलून आणलेली डाळ घरी पुन्हा तोलणारा. तिघांना फोन लावले, तिघांनी तेच सांगितलं, तेव्हा कुठे खाली उतरलो आणि तिथेच रडू फुटलं... या गोष्टीला दीड महिना झाला.

एकाच जिल्हा परिषद शाळेत आम्ही अकरा वर्षं गणित शिकवलं. मी वरच्या वर्गांना, ते खालच्या. माणूस तांड्यावरचा, लाजाळू. स्टाफरूममध्ये चहा नको म्हणतानाही अडखळायचा. शाळा बंद पडल्या त्या काळात त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ करायला घेतले आणि पुढे ते चालूच राहिले. भाकरी मोडून अपूर्णांक, कापसाच्या बोंडांचे वाटे करून भागाकार. चार मिनिटांत असं समजावायचे की महागाव-मारेगावचे शिक्षक मागून घेऊ लागले. माझ्या पोटात दुखलं, हे आता लपवण्यात अर्थ नाही. पण नुसतं दुखलं नाही, संशयही आला. चारचौघांत ज्याची जीभ वळत नाही, तो कॅमेऱ्यासमोर इतका सराईत कसा? मी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. प्रत्येकात कुठेतरी बांगड्या वाजायच्या. शाळा सुटल्यावर धान्याच्या खोलीत हे व्हिडिओ व्हायचे, दार लोटलेलं असायचं. पाणी कुठेतरी मुरत होतं. आत दुसरंच कुणीतरी बसून यांना वाक्यावाक्याला सांगतंय, अशी माझी खात्रीच झाली. मी पंचायत समितीत निनावी अर्ज टाकला. 'सदर व्हिडिओ राठोड यांचे स्वतःचे नाहीत, चौकशी व्हावी.'

केंद्रप्रमुख आले. आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "आत्ता एक व्हिडिओ करून दाखवा." राठोड सर उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. घामाघूम झाले. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! मग ते बाहेर गेले आणि खिचडी शिजवणाऱ्या शांताबाईला घेऊन आले. शाळेचं तोंड न पाहिलेली, तांड्यावरची बाई. तिला मोबाइलच्या मागे स्टुलावर बसवलं आणि तिच्याकडे बघून बोलू लागले. अर्ध्यात ती हात हलवत म्हणाली, "सर, हे बाकी कुठून आली? मले नाही समजलं." बांगड्या वाजल्या. सर थांबले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. तिसऱ्या वेळी तिनं हात हलवून मान डोलावली, बांगड्या पुन्हा वाजल्या, तेव्हा कुठे त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं.

केंद्रप्रमुखांनी विचारलं, हे काय? सर म्हणाले, "साहेब, घरी लेकरू अडलं तं त्याच्या मायले समजलं पायजे. मावशीले समजलं नाही, तो व्हिडिओ मी कोणालेच पाठवत नाही."

मी मान खाली घातली. पण तोंड उघडलं नाही. त्यानंतर चार वर्षं ते प्रत्येक नवा व्हिडिओ आधी मला दाखवत. "भाऊ, तुमच्या नजरेतून चूक सुटत नाही. पाहून घ्या." यांना कळलं असेल का? मला टोमणा मारताहेत का? मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्या चेहऱ्याकडे जास्त बघायचो. चुका मात्र काढायचो, आणि ते मुकाट्यानं दुरुस्त करायचे. आज सांगतो, उद्या सांगतो म्हणत माझा कबुलीजबाब राहिला तो राहिलाच.

तेराव्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांना काही कळलं होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. वहिनींशी इकडचं तिकडचं बोलत राहिलो, शेवटी म्हणालो, "त्या अर्जाचा सरांना फार त्रास झाला..."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुमचाच होता न तो? त्याहीले त्याच दिवशी समजलं."

"कसं?"

"साहेबांनी दाखवला न त्याहीले. अक्षर डाव्या हाताचं, वेडंवाकडं. पण डाव्या बाजूनं पट्टीनं समास आखलेला, अन् विषयाखाली दोन रेघा. घरी येऊन हसत होते. म्हणे, निनावी अर्जाले समास आखणारा माणूस आपल्या शाळेत एकच हाय."

"मग मला बोलले काहून नाही, वहिनी?"

"मीबी तेच इचारलं. म्हणे, माझे व्हिडिओ इतक्या बारकाईनं दुसरं कोण पाहून राह्यलं?"

त्यांनी सरांचा मोबाइल माझ्या हातात दिला. शेवटचा व्हिडिओ कुणालाच गेला नव्हता, तेवढा पाहून द्या म्हणाल्या. मी तिथेच बसून पाहिला. शांताबाईनं मान डोलावली असणार, कारण सर शेवटी समाधानानं हसले होते. पण तिसऱ्या मिनिटाला हातचा धरायचा राहिला होता. सवयीनं मी मोबाइल थांबवला, मान वर केली, "सर, इथं..." असं म्हणूनही गेलो.