शीला सिस्टरांची परीक्षा

आमच्या वॉर्डात माणूस बरा झाला म्हणून लगेच घरी जात नाही. आधी शीला सिस्टरांच्या परीक्षेत पास व्हावं लागतं! नारायणगावजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी बारा वर्षं आयाबाई आहे. या परीक्षेचे इतके किस्से साठलेत, की चुलीपुढे सांगायला बसले तर तव्यावरची भाकरी करपते.

सिस्टरांचा नियम साधा. त्यांनी समजावलेलं पेशंटने उलट त्यांनाच समजावायचं, करून दाखवायचं. मगच डिस्चार्जचा कागद हातात.

*

खोडदच्या एका काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. वॉकर, व्यायाम, सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं.

"खाली बसायचं?"

"अजिबात न्हाई."

"गोठ्यात जायचं?"

"नावच नको!"

सिस्टर खूश. सहीला पेन उघडलं, तोच काकू म्हणाल्या, "म्हैस अंगणात आणून बांधाया सांगितलीया. स्टुलावर बसून काढीन धार!"

*

शुगरवाले एक भाऊ. साखर बंद, गूळ बंद, जिलेबी बंद.

"शाब्बास! आणि द्राक्षं?"

भाऊ हळूच म्हणाले, "सिस्टर, बाग माझीच हाय वो. चाखल्याबिगर तोडायची कशी?"

*

आंबेगावच्या डोंगराकडच्या एका बाबांना वाचता येत नव्हतं. सिस्टरांनी सकाळच्या गोळीच्या पाकिटावर सूर्य काढून दिला. आठ दिवसांनी बाबा तपासणीला आले. पाकीट भरलेलं!

"बाबा, गोळ्या का नाही घेतल्या?"

"सूर्य दिसाया नको का? आठ दिस नुसतं धुकं आन् पाऊस!"

सिस्टरांनी सूर्य खोडला आणि तिथे चहाचा कप काढला. त्यानंतर एकही गोळी चुकली नाही.

*

डिंगोऱ्याच्या तात्यांना नुकतंच इन्शुलिन सुरू झालं होतं. दुसऱ्या दिवशी नातीची हळद, त्यामुळे घरी जायची घाई. पण तात्यांची नजर अधू, म्हणून सुई त्यांच्या बायकोनं, म्हणजे आजींनीच द्यायची होती.

संत्र्यावर आजींनी झकास टोचून दाखवली. तात्यांच्या पोटाजवळ नेली की मात्र झटकन मागे घ्यायच्या. तीनदा तसंच झालं.

"न्हाई वो, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं!"

"आजी, जमलं नाही तर आज सोडता येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. आजींच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तात्यांनी सदरा वर धरला आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या आईनं दिल्याली गाय मी तुला न इचारता बेल्ह्याच्या बाजारात इकली व्हती. आठवतं का?"

आजींनी डोळे पुसले. "आठवतं की!"

"आन् तुझ्या भावाच्या लग्नात मी जेवणावरनं उठलो..."

औषध गेलं आणि सुई बाहेर आलीसुद्धा! तात्यांना कळलंही नाही.

सिस्टरांनी तिथल्या तिथे सही केली. आजी मात्र सुई हातात धरून उभ्याच.

"सिस्टर, दिवसातनं दोनदाच द्यायचं का वो?"