मायचं वय
माझ्यासारखी मूर्ख बाई तेव्हा अख्ख्या धाड गावात दुसरी नसेल. वयवारीची गणितं सोपी व्हावीत म्हणून मी वर्गातल्या पोरांना सांगायचे, ‘पुस्तकातली माणसं सोडा, आपल्या मायचं वय घाला,’ आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश व्हायचे. भज्यांचा वास आला की तो बाजाराचा दिवस आठवतो, तेव्हा असाच वास वर्गापर्यंत येत होता. एका पोरीनं दहा वर्षांनंतरचं स्वतःचं वय वाढवून लिहिलं, मायचं मात्र आजच्याइतकंच ठेवलं. मी सगळ्यांसमोर चिडवलं, ‘काऊन वं, तुही माय म्हातारी होतच नाही?’ पोरं खदखदून हसली. आता माझे दात पडले, तरी मधल्या सुटीत जवळ येऊन ती हळूच जे बोलली ते जसंच्या तसं ऐकू येतं, ‘बाई, माय तं वारली नं. तिचं वय आता तेवढंच राहीन, एक दिवस मीच तिच्याहून मोठी होईन.’