गुऱ्हाळाच्या चिमणीची चौकशी

पोलिसातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी निपाणीकडच्या गुऱ्हाळाच्या त्या आगीचा तपास माझ्या डोक्यातून जात नाही.

चिपाडांची गंजी जळाली म्हणून गुऱ्हाळमालक फिर्याद द्यायला आला. रस काढून वाळवलेली चिपाडं हेच गुळाच्या भट्टीचं जळण. संशय एकावरच, चुलतभाऊ आप्पावर. पाण्याच्या पाळीवरून दोघांत अबोला होता. त्यात आमच्या खबऱ्यानेही आप्पाला गंजीजवळ विडी ओढताना पाहिलेलं. या भागात विडी ओढणाऱ्यावर संशय घ्यायचा, तर अर्धं ठाणं आत टाकावं लागेल. तरी मी त्याला बोलावलं.

आप्पा बेळगावात सरकारी कारकून. अटक झाली की निलंबन ठरलेलं. जबाब देताना तो म्हणाला,

"विडी ओढली, व्हय. पर आग न्हाय लावली साहेब. नोकरी गेली तर लई वाईट हुईल."

मला दया आली, पण दयेने तपास बंद करता येत नाही. अटकेचे कागद तयार होत होते, तेवढ्यात मालकाचा फोन आला.

"साहेब, दुसरी गंजी पेटली. आप्पाला सोडलाय काय?"

"माझ्यासमोर चहा पितोय."

"मग तिथनंच करणी केली असंल."

चहा पिता पिता करणी करता येते, हे प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. आप्पाला जीपमध्ये घालून मी गुऱ्हाळ गाठलं.

आग विझली होती. जळालेल्या दोन्ही गंज्या भट्टीच्या चिमणीला लागूनच होत्या. हंगामाच्या सुरुवातीला चिमणीला चुना, गेरूचा पट्टा, हार, नारळ सगळं झालेलं. आत मात्र कोणी डोकावलं नव्हतं. भट्टी निवल्यावर हवालदाराने चिमणीत खालून डोकं घातलं आणि काळंकुट्ट तोंड घेऊन बाहेर आला.

"साहेब, बाजूनं ऊन दिसतंय."

आतलं विटांचं अस्तर ढासळल्यावर मालकाने डांबराच्या पिंपाचा पत्रा ठोकला होता. तो जळून गेला आणि उघडी पडलेली भिंत तडकली. फटींतून ठिणग्या थेट गंजीवर. अस्तर म्हणजे आगीवरचा बंदोबस्त, आणि इथे बंदोबस्तच पळालेला. पंचनामा केला.

मालक माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, आप्पाला विचारा, आता काय घालू?"

हातभर अंतरावरचा आप्पाही मलाच म्हणाला, "त्याला सांगा, पत्रा नगं. भट्टीची वीट घाल, मातीबी भट्टीचीच. सिमेंट तापलं की सुटतंय."

"विचारा, विटा बघायला संकेश्वरला येतोय काय?"

"मला ठाण्यात कामं आहेत. तुमचं तुम्ही बोला," म्हणत मी जीपकडे वळलो. मागून आप्पाचा आवाज आला, "चल की अण्णा."

तेव्हापासून फिर्यादी ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्याच्याआधी मी फिर्यादीचं घर पाहू लागलो. दुसरी गंजी थोडी उशिरा पेटली असती, तर आप्पाची नोकरी माझ्या सहीने गेली असती.