दुखवट्याच्या वर्षी वाटलेली नाताळची ताटं

या सदरातले अनुभव मी वाचते ते दुपारी डोळा लागत नाही म्हणून. पांढऱ्या साडीतली बाई, घाटात लिफ्ट मागणारा माणूस... निम्म्यावर मला हसू येतं आणि मी पान उलटते. भोसरीच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं इन्स्पेक्शनला होते. तिथं सगळं सरळ असायचं. पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. "मला वाटलं", "मला भासलं" असलं काही तिथं खपत नसे. देवावर माझा विश्वास आहे, भुताखेतांवर कधीच नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरीही हे लिहायला बसले आहे, कारण मागच्या नाताळला जे झालं ते मला पासही करता येत नाही आणि रिजेक्टही करता येत नाही.

आम्ही थेरगावला राहतो... राहतो काय, राहते. जीभ अजून वळत नाही. डांगे चौकापासून चालत अंतरावर आमची बिल्डिंग, तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण ती मनात आलं तर चालते. आमचे हे, म्हणजे स्टीफन साळवे, पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला होते. रिटायर होऊन घरी बसले, आता जरा फिरू म्हणाले, आणि जूनमध्ये गेले. हार्ट. सकाळी उठून भाजी काय आणू विचारलं आणि दुपारी नव्हते. मुलगा अमोल, एकुलता एक, कॅनडात. तो येऊन गेला, सगळं नीट केलं, परत गेला. त्याचं तरी काय चुकलं, त्याला तिथं नोकरी आहे. माझा भाऊ नगरला, त्याचे गुडघे कामातून गेलेले. बाकी इथं माझं रक्ताचं असं कोणी नाही.

पावसाळ्यात एकदा मी गॅसवर दूध ठेवलं आणि गॅलरीत बसून राहिले. कशाचा विचार करत होते तेही आठवत नाही. भांडं जळून कोळसा झालं, धूर जिन्यात गेला, बिल्डिंग गोळा झाली. ही बातमी अमोलपर्यंत गेली. गेली म्हणजे समोरच्या सुनंदाताईंनी कळवली, कारण जाताना तो त्यांना सांगून गेला होता की मावशी, मम्मीकडे लक्ष ठेवा. सुनंदाताई कांबळे महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, बाई लाख मोलाची, पण सांगितलेलं काम चोख करणारी. मी काय बोलणार.

मग अमोलचं सुरू झालं. तळेगावला म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा आहे, त्यानं व्हिडिओ पाठवला. लॉन आहे, नर्स आहे, भजनाला हॉल आहे. फ्लॅट भाड्यानं देऊ म्हणाला. "मम्मी, नाताळपर्यंत बघू. तू ओके असलीस तर प्रश्नच नाही. नाहीतर मला तिकडून रात्र रात्र झोप लागत नाही गं." ओके म्हणजे नेमकं काय, ते काही त्यानं सांगितलं नाही. मी हो-हो केलं. भांडायला अंगात बळ लागतं, ते कुठं होतं? पण मला हे घर सोडायचं नव्हतं. एवढी एकच गोष्ट मला पक्की ठाऊक होती. यांनी स्वतः बसवलेल्या कड्या आहेत इथं दारांना, दुसऱ्या कुणाच्या हातात मला त्या बघवल्या नसत्या.

आता नाताळचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरून दर नाताळला बिल्डिंगमध्ये फराळाची ताटं जायची. करंज्या, शंकरपाळे, चकली, घरचा केक, वर क्रोशाचा रुमाल. हे बाजूला बसून करंज्या कातायचे आणि निम्म्या कच्च्याच बिघडवायचे. दिवाळीत सगळ्यांकडून आमच्याकडे, नाताळात आमच्याकडून सगळ्यांकडे. आणि ताट कोणी रिकामं परत देत नाही. साखर, दोन संत्री, काहीतरी घालूनच येतं. पण घरात कोणी गेलं की त्या वर्षी कढई चढत नाही. तळण नाही, दारात नाताळची चांदणी नाही, नवे कपडे नाहीत. दुखवट्याच्या घरानं करायचं नसतं, शेजाऱ्यांनी आणून द्यायचं असतं. मी काहीच केलं नव्हतं. कढई माळ्यावर पेपरात गुंडाळलेली होती आणि ताटांचा सेट जुन्या ओढणीत बांधून तिच्याच शेजारी होता. त्या आधीच्या नाताळनंतर यांनीच बांधून ठेवलेला, टूलरूमवाल्याची गाठ, सुटता सुटत नाही अशी. कॅरलवाली पोरं आली तेव्हा मी लाइट बंद करून बसले. नको म्हटलं. गाणी ऐकायला कान लागतात, मला तेवढाही उत्साह नव्हता.

नाताळच्या सकाळी मात्र पाळकीणबाई, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या मिसेस, गाडी घेऊन दारात. "रूथताई, चला. देवाशी भांडायचं असेल तर चर्चमध्ये येऊन भांडा." गेले. पांढरी साडी नेसून मागच्या बाकावर बसले. उपासना झाल्यावर त्या मला कबरस्थानात घेऊन गेल्या. यांच्या कबरीवर आम्ही फुलं ठेवली, मेणबत्ती वाऱ्यानं चार वेळा विझली, आणि मी तिथं बसून बराच वेळ रडले. पाळकीणबाईंनी तिथला फोटो काढून अमोलला पाठवला. मग त्यांच्याच घरी जेवण, आणि दुपार उतरल्यावर त्यांनीच मला गेटवर सोडलं. सकाळपासून तोपर्यंत त्या माझ्यापासून हातभर लांब गेल्या नाहीत. हे मुद्दाम सांगते आहे.

घरी येऊन पाठ टेकतेय तोच बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरची मंगल. ही धाराशिवकडची, नवरा चाकणला कंपनीत, पदरात एक लेकरू. हातात ताट, त्यात वाटीभर साखर आणि दोन पेरू.

"काकू, ताट द्यायला आले. लई चांगल्या झालत्या करंज्या. लेकरानं एक बी ठेवली न्हाई."

"कसलं ताट गं?"

"तुमीच की, दुपारी देऊन गेलात." ती हसली. "मला आधी घ्यावं का नको असं झालं. म्हणलं दुखवटा हाय, तळण कसं काय केलं काकूंनी? मंग म्हणलं, यांच्यात पाळत नसतील."

मी म्हटलं, मंगल, मी घरात नव्हते, सकाळपासून बाहेर होते. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. म्हणाली, "आमचे हे सेकंड शिफ्टला निघालते, डबा भरत होते मी, तवाच की. त्यांच्या हातावर बी तुमी केक ठेवलात. ती डाळिंबी साडी काय खुलून दिसत होती तुमाला."

ती डाळिंबी साडी मी जुलैमध्येच भावजयीला देऊन टाकली होती. आणि मंगलचा नवरा सेकंड शिफ्टच्या बसला निघतो तेव्हा मी कबरस्थानात होते.

ताट हातात घेतलं आणि पालथं केलं. मागे कोरलेलं होतं, सौ. रूथ स्टीफन साळवे. माझंच ताट. मी मंगलला काय बोलून वाटेला लावलं ते आठवत नाही. दार लावलं, स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढले. या वयात चढू नये, पण चढले. कढई पेपरातच होती, वर धूळ. ओढणीची गाठ होती तशीच होती, यांचीच. खाली आणून सुरीच्या टोकानं ती सोडवली. सेट सहाचा. आत चारच ताटं होती.

एक माझ्या हातात होतं. मग सहावं कुठं, हा विचार येतोय तोवर समोरचं दार उघडलं आणि सुनंदाताई आल्या. त्यांच्या हातात ते सहावं ताट होतं. त्यात संत्री, आणि एका कोपऱ्यात एक करंजी.

"ही तुमच्यासाठी ठेवली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, करणारीच्या वाट्याला काही राहत नाही."

मी ती तोडून तोंडात टाकली. सारणात खसखस आणि खारकेची पूड, वेलची थोडी जास्त. माझ्या आईची पद्धत. बाहेर कुठं अशी मिळत नाही आणि मी कुणाला शिकवलेली नाही. भीती वाटली का म्हणाल, तर वाटली. पण भुताची नाही. मला वाटलं, माझंच डोकं गेलं. दूध जळलं तेव्हाही मला काही कळलं नव्हतं. न कळता मी तळण केलं, ताटं वाटली आणि विसरले? पण मग पाळकीणबाईंबरोबर कोण होतं? त्या फोटोत कोण बसलं होतं? आणि ती गाठ? डोकं गेलं तर माझं जाईल, ओढणीचं कसं जाईल?

सुनंदाताईंना काही सांगणार तोच फोन वाजला. अमोलचा व्हिडिओ कॉल.

"मेरी ख्रिसमस मम्मी!" तो खुशीत होता. कितीतरी महिन्यांनी त्याचा तसा आवाज ऐकला. "सुनंदा मावशींचा मेसेज आला. तू ताटं वाटलीस? मंगलताईंच्या मुलाची थट्टा केलीस म्हणे, केक खाल्लास तर दाढी येईल म्हणून? मम्मी, तू अशी बोललीस हे वाचून मी इथं चर्चला जायच्या आधी रडलो."

मी सुनंदाताईंकडे बघितलं. त्या मान हलवून हसत होत्या.

"मग आता तळेगावचं काही नाही," अमोल म्हणाला. "मी सांगतो त्यांना. तू तुझ्या घरातच राहा. मला एवढंच बघायचं होतं की तू... तू आहेस."

त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर? "बाळा, ती मी नव्हते रे." पुढच्या फ्लाइटनं तो आला असता आणि तळेगावच्या आधी मला डॉक्टरकडे नेलं असतं. मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "केक जरा करपला होता." देव मला माफ करो. आयुष्यात पहिल्यांदा मी न बघितलेला माल पास केला.

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. सुनंदाताईंना सगळं सांगितलं. ओढणी दाखवली, पाळकीणबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला, त्यांनी आपणहून सांगितलं की रूथताई दुपार उतरेपर्यंत माझ्याबरोबर होत्या. सुनंदाताई आमच्या सोफ्यावर बसून राहिल्या. त्या तर या असल्या गोष्टींना माझ्याहून जास्त हसणाऱ्या, बुद्धवंदना सोडली तर कशाला हात न जोडणाऱ्या.

मग म्हणाल्या, "मग एक सांगते. अमोलला मी हे कळवलं नाही. म्हटलं, बिचारीच्या तोंडून सवयीनं गेलं असेल, पोरगं उगाच घाबरेल."

"काय गेलं असेल?"

"मी तुम्हाला आत या म्हटलं. चहा टाकते, घोटभर घ्या म्हटलं. तुम्ही दारातूनच नको म्हणालात. घाईत होतात, पण खुशीत होतात." त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "म्हणालात, हे चहाला थांबलेत. मी गेल्याशिवाय घ्यायचे नाहीत."

खाली कोणीतरी फटाके लावत होतं.

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. पाळकसाहेब म्हणाले प्रार्थना करा. सुनंदाताई म्हणाल्या काहीतरी कारण असणारच, आपल्याला माहीत नाही एवढंच. मंगलला मी काही सांगितलं नाही, ती घर सोडून जायची. अमोलला हे वाचूनच कळेल, तर बाळा, घाबरू नकोस, गॅस मी बंद करते आहे.

ज्यांना हे ठाऊक आहे ते विचारतात, त्या घरात एकटीला भीती वाटत नाही का. नाही वाटत. मला तिचा फार हेवा वाटतो. ती ताटं देऊन जिना उतरली आणि घरी गेली. मी त्याच जिन्यानं चढून आले, त्याच दाराला किल्ली लावली, आणि आत कोणी नव्हतं.