प्रयागवैनींचा खड्डा

प्रयागवैनी चहा कधी बसून प्याल्या न्हाईत. उभ्यानंच, एक डोळा दाराकडं. नांदेडात नदीकाठी त्यांचं न् आमचं घर भिंतीला भिंत लागून. या बाईनं मला जितकं बेजार केलं तितकं घरच्यांनीबी केलं न्हाई. मी शाळेत फार गेलो न्हाई, आणि कुणाचं ऐकायची सवयबी मला न्हाई.

गोदावरीचं पाणी घरात घुसलं तेव्हा आम्ही सगळे उंचावरच्या शाळेत जाऊन राहिलो. पाणी उतरल्यावर पोटुशी सुनेला तिथंच ठेवून मी घर बघायला आलो. तिला लवकर आणायचं, एवढंच डोक्यात. घरात घोट्याएवढा गाळ, भिंती निथळून राहिलेल्या. पंखा लावला तर लवकर वाळंल म्हणून बटनाकडं हात नेला.

"भावजी, मरायचं हाय का? वायरमन येऊन बघू द्या आधी!"

दारात वैनी. पायात नवऱ्याचे गमबूट, तोंडाला फडकं. "गाळ ओला हाय तवर काढा, मग ब्लिचिंगनं धुवा," म्हणत त्या पुढच्या घरात पळाल्यासुद्धा.

खरं भांडण जवारीवरून झालं. कोठीतली खालची जवारी भिजून आंबली होती, वरची कोरडी. पोटुशीनं घरच्याच जवारीची भाकर खावी, असं आमच्यात मानतात. मी वरची काढून गच्चीवर पसरायला निघालो.

"फेका ती," वैनी म्हणाल्या.

"अन्न हाय ते. लक्ष्मी हाय."

"गटाराचं पाणी प्यालेली लक्ष्मी! खालची ओल वर चढती. सुनेला कावीळ झाली तर कुणाचं तोंड बघताल?"

"माझ्या घरात तुम्ही बोलू नका."

त्या गेल्या. जरा वेळानं बाहेर टिकावाचा आवाज आला. वैनींनी रस्त्याकडंला खड्डा खणला, स्वतःची वर्षाची जवारी त्यात ओतली आणि कुणी उचलू नये म्हणून वर फिनेल टाकलं. घाम पुसत म्हणाल्या, "आणा तुमची. का मी एकलीच येडी?"

आता बाईमाणसानं वर्षाचं खाणं मातीत घातलं आणि मी कोठी कवटाळून बसू? मी कोठीतली सगळी जवारी पोत्यात भरून आणली आणि खड्ड्यात उपडी केली. रेशनच्या तांदळावर महिना काढला.

सून सुखरूप बाळंत झाली. वैनी नात बघायला आल्या, पण आधी भिंतीला हात लावून ओल बघितली, मगच पोरीला घेतलं. मागल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. तापानं पडून होत्या, तरी उठूउठू बसायच्या.

वरची जवारी चांगली होती, असं मी अजूनबी म्हणतो. पण तिची भाकर सुनेच्या ताटात वाढली असती का, असं कुणी विचारलं तर मी उठून भिंतीची ओल बघायला लागतो.