बाळंतिणीचा वाफा

जुन्नरहून कल्याणची एस. टी. सुटली तेव्हा अजून उजाडायचे होते. माझ्या पिशवीत धुऊन वाळवलेल्या कापडी थैल्या होत्या, आणि मनात एकच प्रश्न होता: डोंबिवलीच्या हिराबाईंनी आपल्या बाळंतीण होणाऱ्या लेकीला स्वतःच्या मळ्यातला शेपू खाऊ घालावा की नाही? उत्तर मी द्यावे, असे त्यांनीच सांगून ठेवले होते.

वाचकांनी हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावे. हिराबाई आगरी. माझी धाकटी बहीण सुधा डोंबिवलीत राहते, तिच्या दारावर त्या पालेभाजी आणतात. त्यांचा मळा कारखान्यांकडून येणाऱ्या नाल्याच्या काठी आहे, आणि शिंपणेही त्याच पाण्याचे. आदल्या वर्षी ठाण्यात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्राने, केशवने, ती भाजी तपासून घेतली. तिच्यात शिसे आणि कॅडमियम हे जड धातू नको तितके निघाले. हिराबाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "माणसाला औषध असते, तसा मातीला नसल का?" औषध होते. मी जुन्नरच्या शाळेत शेती शिकवतो; मी त्यांना चुना आणि चांगले कुजलेले शेणखत घालायला सांगितले. शिंपण्यासाठी त्या आता शेजारच्या विहिरीचे पाणी घेत होत्या. मातीला आराम पडला की नाही, हे पाहायला मी निघालो होतो.

माळशेज घाटात गवत करडे झाले होते. मुरबाडच्या सपाटीवर भात निघालेल्या खाचरांत वाल फुलला होता. एरवी मी खिडकीतून प्रत्येक पिकाची मनाशी नोंद घेतो. त्या दिवशी मात्र प्रत्येक वेलाला मी एकच विचारत होतो: तुझ्या मुळाशी काय आहे? कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडी शिशाच्या पत्र्यासारखी दिसली. ही उपमा मला आवडली नाही, पण दुसरी सुचली नाही.

सुधाने चहा पुढे केला आणि म्हणाली, "दादा, हिराबाईंच्या निर्मलाचे दिवस भरलेत. आणि आमच्याही पोटात तीच भाजी जाते, हे विसरू नकोस."

दुपारी मळ्यावर गेलो. निर्मला बांधावर बसून वाल सोलत होती. मला पाहून हसली.

"आये, परीक्षा घेनारे आयले. आता भाजीपन नापास व्हायची."

"गप गो," हिराबाई म्हणाल्या. "मास्तर, उबे काय ऱ्हायलाव? या."

मी वाफे पाहत चाललो. एका वाफ्याला काहीच घातले नव्हते, तुलनेसाठी. दुसऱ्यात चुना आणि शेणखत होते. चुन्याने धातू नाहीसा होत नाही, हे इथे सांगितले पाहिजे. मातीचा आंबटपणा कमी होतो, आणि धातू मातीला धरून राहतो, मुळाच्या हाती सहज लागत नाही. खोडकर मुलाला शाळेतून काढण्याऐवजी पहिल्या बाकावर बसवावे, तसा हा उपाय. मुलगा वर्गातच असतो, म्हणून नजर काढून चालत नाही.

तिसरा वाफा सर्वांत देखणा होता. शेपू गुडघ्याला लागत होता. जवळ जायला पाऊल टाकले तो माझा बूट घोट्यापर्यंत रुतला, आणि ओढून काढला तेव्हा त्याला काळा चिखल लागला होता. चिखलाला खाडीचा वास येत होता.

"हिराबाई, हे काय?"

"गाल त्यो, खारीचा (खाडीतला गाळ). दर साली टाकतांव आमी. तुमचा चुनापन हाय खाली, सांगलाव तसा. ह्यो पोरीचा बालंतपनाचा वाफा. मंग त्याला जास्ती नको?"

गाळ हे आगऱ्यांचे पिढ्यान्पिढ्यांचे खत. पण त्या खाडीला आता हाच नाला जाऊन मिळतो. शिवाय गाळातले मीठ कॅडमियमला पुन्हा मोकळे करते. शंका होती, पुरावा नव्हता, आणि बाईच्या आनंदावर नुसत्या शंकेने पाणी ओतणे मला जमले नाही.

त्यांनी जेवल्याशिवाय सोडले नाही. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचे कालवण, आणि ताटाच्या कडेला शेपू. मी खाल्ला. चव उत्तम होती. घास गिळताना निर्मला माझ्या तोंडाकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाफ्याची पाने वेगळ्या थैलीत घेऊन ठाण्याला गेलो. वागळे इस्टेटजवळच्या एका प्रयोगशाळेत केशवची ओळख होती. तिथली माणसे पाने धुऊन, वाळवून, जाळून राख करीत होती. मी बाहेरच्या बाकावर बसलो, उठलो, रस्त्यापलीकडच्या गाड्यावर नको असलेला चहा घेतला, पुन्हा बसलो. निकाल मिळेपर्यंत आठवडाभर केशवकडेच राहिलो.

शेवटी केशव निकाल घेऊन प्रयोगशाळेतून बाहेर आला तो हसत. "तुझा चुना पास. शिसे आणि कॅडमियम दोन्ही पुष्कळ उतरलेत. भाजी निर्धोक व्हायला अजून वर्षभर घालू दे त्यांना. पण ही तिसरी थैली कुठली रे? ही गेल्या वर्षीपेक्षा वाईट आहे."

डोंबिवलीला परतलो तेव्हा सुधा दारातच म्हणाली, "निर्मलाला मुलगी झाली. दोघी घरीपण आल्या." मी हातपाय न धुता तसाच मळ्यावरच्या घराकडे निघालो. अंगणातच लसणाच्या फोडणीचा आणि शेपूचा वास आला.

निर्मला खाटेवर होती, मांडीवर बाळ, पुढ्यात ताट. भाकरीचा एक कोर मोडलेला होता.

"थांब, पोरी," मी म्हणालो.

हिराबाई चुलीपासून उठल्या. मी जे होते ते सांगितले: शेजारचा वाफा सुधारला, हा बिघडला, आणि बिघडला तो गाळाने. त्या ऐकत राहिल्या. मग लेकीच्या पुढचे ताट उचलून मागच्या दारी ठेवून आल्या.

"सगल्यान जास्ती गाल मीच टाकला," त्या म्हणाल्या. "माज्या हातान."

निर्मलाने विचारले, "मास्तर, येक घास खाल्लाय. हिला काय होईल?" तिचा तळवा बाळाच्या डोक्यावर होता.

"एका घासाने काही होत नाही. रोज, वर्षानुवर्षे खाल्ले तर धातू शरीरात साठतो. म्हणून आजच थांबायचे." हे खरे होते. तरी बोलताना माझा आवाज वर्गात असतो तसा नव्हता.

मग हिराबाईंनी विचारले, "मंग तिला घालू काय?"

"जुन्नरहून शेपू पाठवतो. कंडक्टर ओळखीचा आहे. कल्याणला उतरवून घ्या."

"आनि त्यो वाफा?"

"गाळ खरवडून बाजूला काढा. पुन्हा चुना, पुन्हा शेणखत. पालेभाजी नको, दुधी लावा. फळात धातू पानापेक्षा कमी उतरतो. तोही तपासल्याशिवाय खायचा नाही."

त्यांनी मान हलवली. मी निघालो तेव्हा त्या पदर खोचून, हातात फावडे घेऊन वाफ्याकडे चालल्या होत्या. शेपू अजून तसाच डुलत होता, मळ्यात सर्वांत हिरवा.

परतीच्या एस. टी.त घाट कधी चढलो ते कळले नाही. घरी पोचताच परसातला शेपू कापायला बसलो. पत्नीने जुडी बांधायला केळीचे सोप आणून दिले. जुडी हातात आली, आणि मी ती खाली ठेवली. या वाफ्याला पाटाचे पाणी येते. तो पाट कुठून कुठे वळतो, हे इतक्या वर्षांत मी कधी चालत जाऊन पाहिले नव्हते.

पाहिले. वर एक विहीर होती, तिच्यावर वाकलेला उंबर होता, आणि पलीकडे शेते. दुसरे काही नव्हते. तरी दोन जुड्या मी वेगळ्या थैल्यांत घातल्या: एक निर्मलासाठी, आणि एक केशवसाठी. केशवचा होकार आल्यावरच तिला खाऊ घाला, हा निरोप हिराबाईंना द्यायला कंडक्टरला दोनदा सांगितले.