दोनच्या नाण्यावरची रेघ
परवा नाणी जमवणाऱ्या एका माणसाने काचेखालचं दोन रुपयाचं नाणं दाखवलं आणि मोठ्या शहाणपणाने सांगितलं, "काका, टाकसाळीत साचा तडकला की नाण्यावर अशी रेघ उठते." माझ्या मस्तकात तिडीक गेली. हेच माझी बायको पंचवीसेक वर्षांपूर्वी गुजराती मुलखातल्या पांडेसऱ्यात बोलली होती, चौथी नापास बाई. किराणावाल्याने तिचं नाणं फळीवर आपटलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "बेन, आ सिक्को खोटो छे. तुम्ही खानदेशवाले हेच चालवायला येता का इथे?" ती दबली नाही. म्हणाली, "शेठ, नख फिरवून पाहा. कोणी ओरखडलं असतं तर खाच पडली असती, ही रेघ वर आलीय. माझ्या माहेरी होळीला साखरेचे हार पाडतात. लाकडी साचा चिरला की दर पदकावर अशीच रेघ उठते. सरकारचा साचा चिरला असेल." शेठ म्हणाला, "लो, हवे बेन टंकशाळ चलावशे." म्हणे, आता ही बाई टाकसाळ चालवणार. लोक फिदीफिदी हसले. मी मिलमधून रंगाच्या वासाने डोकं भणभणत आलेलो, तिच्यावरच खेकसलो, "चार माणसांत अक्कल पाजळू नको. दुसरं दे अन् चल." तिने दुसरं दिलं आणि खोलीपर्यंत माझ्या मागे चालत आली. तिला जाऊन आता वर्ष होईल. त्या शेठचा राग अजून येतो, पण तो परका होता. मी नवरा होतो, आणि मीसुद्धा त्या नाण्यावर एकदा नख फिरवून पाहिलं नाही.